पहिलं माझं तपासा

बाबा, आज मी एका गॅरेजचं पीयूसी केंद्र बंद करून आले. सहायक मोटार वाहन निरीक्षक झाल्यापासून अशी वेळ अधूनमधून येते. बहुतेक मालक भांडतात, कोणाला तरी फोन लावतात. आजचा मात्र नुसता मशीनकडे बघत उभा राहिला, म्हणून तुमची आठवण आली.

सोळा सालच्या उन्हाळ्यात माझा डिप्लोमा नुकताच संपला होता आणि तलासरीच्या आपल्या गॅरेजात मी पीयूसीचं मशीन सांभाळत होते. गिऱ्हाईक रोडावलं होतं. हायवेवरच्या बाकीच्या केंद्रांवर गाडी न आणताच सर्टिफिकेट मिळायचं, आणि त्यातलं एक केंद्र काकाचं, तुमच्या सख्ख्या भावाचं. वापीकडचा एखादा टेम्पोवाला गाडी उधवा गावीच ठेवून नुसता कागद मागायला यायचा, म्हणायचा, "शेठ, गाडी तो उधवामां पडी छे, कागळ काढी आपो ने." तुम्ही हसून सांगायचात, "गाडी घेऊन ये, चहा पाजतो." तो चहा न पिता काकाकडे जायचा. मला तुमचा राग यायचा, आणि आईलाही.

मग ती जीप आली. उधव्याहून डहाणूच्या चिकूवाड्यांत कामाला जाणाऱ्या बायका त्यात कोंबलेल्या असायच्या. त्या दिवशी वाटेतच त्या ओकायला लागल्या आणि एक म्हातारी बेशुद्ध पडली. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. त्यांना दवाखान्यात उतरवून ड्रायव्हर जीप आपल्याकडे घेऊन आला. मला अजून दिसतं, तुम्ही गाडीखाली सरकलाय, फक्त पाय बाहेर आहेत. मग बाहेर येऊन म्हणता, "सायलेन्सरचा पाइप सडलाय. वर तळाच्या पत्र्याला भोक आहे. सगळा धूर आत चाललाय." मी काचेकडे बघते. तिथे काकाच्या केंद्राचं ताजं सर्टिफिकेट. ड्रायव्हर खाली मान घालून सांगतो, जीप तिकडे नेलीच नव्हती.

म्हातारी वाचली. दवाखान्यात तिला बघून तुम्ही तसेच काकाकडे गेलात. मी बरोबर होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "सायलेन्सरमध्ये नळी घालायला कोणी वाकलं असतं तरी दिसलं असतं रे," एवढंच म्हणालात. काका उसळला, "सगळेच देतात, दादा. तू एकटाच धुतल्या तांदळासारखा?"

काही दिवसांनी आरटीओचं भरारी पथक थेट आपल्या दारात उभं राहिलं. निरीक्षक मॅडम तरुण होत्या. त्यांनी धुराचं ठरलेलं माप असलेली तपासणीची काच मशीनला लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा लावली. मशीन धूर कमी दाखवत होतं. कॅलिब्रेशनची, म्हणजे मशीनचं माप जुळवून घेण्याची, मुदत शिल्लक होती, तरीही.

"परवानगी स्थगित करावी लागेल," मॅडम म्हणाल्या.

मी भडकले. "तिकडे गाडी न बघता देतात, त्यांना सोडून आम्हाला पकडता?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "तिकडेही जाणार आहोत. आरटीओच्या डहाणूच्या कॅम्पात तुमचे वडीलच आले होते. म्हणाले, तलासरीतली सगळी केंद्रं तपासा, पण पहिलं माझं तपासा."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मशीनकडे बघत होता, घरातल्या माणसानं फसवल्यासारखं. मग म्हणालात, "लिहा मॅडम. बरोबर आहे तुमचं."

त्याच दिवशी काकाचं केंद्र बंद झालं, ते कायमचं. गावात तुम्हाला भावावर उलटलेला म्हणाले. काकानं आपल्या घरी येणं सोडलं. रात्री जेवताना आई म्हणाली, "काय मिळवलंत?" तुम्ही म्हणालात, "त्या म्हातारीला परत त्याच जीपमध्ये बसायचंय."

मशीन दुरुस्त होऊन आलं, परवानगी परत मिळाली, तेव्हा मला वाटलं सुटलो. पण तुम्ही नाक्यावर उन्हात उभे राहून आपणच पास केलेल्या गाड्या हात करून थांबवू लागलात. "आमचं मशीन चुकत होतं. ये, पुन्हा तपासून देतो, फुकट." काही हसले, काही शिव्या देऊन गेले. पण बरेच जण आले. जे आले ते नंतर दुसरीकडे गेले नाहीत. आणि एका सकाळी काका स्वतःचा टेम्पो घेऊन दारात आला. इंजिन चालू ठेवून बसून राहिला. तुम्ही उठून, स्वतः वाकून नळी घातलीत. रीडिंग जास्त आलं. "नापास आहे," तुम्ही म्हणालात. काका म्हणाला, "मग दुरुस्त कर की, दादा." तो दिवसभर थांबला, आपल्याकडेच जेवला.

ही नोकरी मी त्या मॅडमना बघून घेतली असं सगळ्यांना सांगते, तुम्हालाही तसंच सांगितलं होतं. खरं तर ती मी नाक्यावर उन्हात उभ्या असलेल्या तुम्हाला बघून घेतली. तुम्ही असताना हे तोंडातून निघालं नाही, आपल्या घरात असं कोणी बोलत नाही. आता लिहिलंय, पण पाठवायचं कुठे?

आणखी एक. तपासणी संपली की पथकातले बाकीचे जीपमध्ये जाऊन बसतात, मी आतच रेंगाळते. मॅडम फार बारकाईनं बघतात, असं माझ्याबद्दल बोललं जातं. मी तेव्हा काहीच बघत नसते, बाबा. तिथे ग्रीस आणि डिझेलचा वास असतो, म्हणून थोडा वेळ उभी असते.