बॉम्ब की गॅस: शांत डोक्याने केलेला विचार

३ मार्च, दुपार
साहेबांनी बोलावलं. बेसिक ट्रेनिंग संपलं, आता कायमचं खातं निवडायचं. मी अर्जात ‘तांत्रिक’ लिहिलं होतं. (अपेक्षा: खुर्ची, पंखा, कॉम्प्युटर.) साहेब म्हणाले, तांत्रिकमध्ये दोनच ठिकाणी माणसं हवी आहेत. एक, बॉम्ब निकामी करणारं पथक. दुसरं रासायनिक संरक्षण. म्हणजे कुणी विषारी गॅस सोडला, की सगळे ज्या दिशेने पळतात तिच्या उलट दिशेने आपण जायचं, गॅस कुठवर पसरलाय ते मोजायचं आणि माणसं, गाड्या, रस्ते धुऊन काढायचे. महिनाअखेरीस उत्तर द्या म्हणाले.
मी म्हटलं, साहेब, आत्ताच देतो. ते म्हणाले, द्या. मी म्हटलं, महिनाअखेरीस देतो.
घाई हे कच्च्या मनाचं लक्षण.

४ मार्च
निर्णय झाला. बॉम्ब. घरी फोन करून सांगून टाकलं. आई म्हणाली, अरे, तुला कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं. बाबा शिंपी, त्यांनी फक्त विचारलं की त्या सुटाला अस्तर कसलं असतं. ताई हॉस्पिटलात नर्स आहे. ती म्हणाली, चांगलं आहे, बॉम्बमध्ये निदान हाल होत नाहीत, गॅसचे पेशंट मी पाहिलेत.
जेवलो नाही. पोट हलकं ठेवायची सवय आत्तापासूनच लावलेली बरी.

५ मार्च
ताईने ‘हाल होत नाहीत’ म्हणजे नक्की काय म्हटलं, यावर विचार केला. करायला नको होता.

९ मार्च
बॉम्ब पथकात दिवसभर पाहणी. बरोबर माझ्या शेजारच्या खाटेवरचा गोगलगाय. बूट बांधायला इतका वेळ लावतो म्हणून अख्ख्या बरॅकने हे नाव ठेवलंय. त्यालाही याच दोन खात्यांतून निवडायचं आहे. वाटेत मला म्हणाला, मला जाम भीती वाटतेय रे. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. असल्या माणसाचं सैन्यात कसं व्हायचं!
तिथल्या वस्तादांची बोटं मी चोरून मोजली. पूर्ण दहा. फार बरं वाटलं. नंतर कळलं, ते गेल्याच महिन्यात आलेत. आधीचे वस्ताद निवृत्त झाले म्हणे. कशामुळे, ते मी विचारलं नाही. वयामुळेच असणार.
मग सूट घालायला दिला. एक अख्खा माणूस पाठीवर घेतल्याइतका जड. आत फक्त आपलाच श्वास ऐकू येतो, आणि तो आपला वाटत नाही. पत्र्याच्या एका पेटीपर्यंत चालत जायचं होतं. पेटी रिकामी आहे हे मला माहीत होतं. माझ्या गुडघ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या वाटेत उताणा पडलो. कासवासारखा. चौघांनी उचललं. पडल्या पडल्या आभाळाची चांगली पाहणी झाली.
गोगलगाय मुंगीच्या पावलांनी गेला, पेटी उघडली, तितक्याच सावकाश परत आला. आम्ही तोवर दोनदा चहा घेतला.

१० मार्च
निर्णय बदलला. घाबरून नव्हे. बॉम्बमध्ये बुद्धीला वाव कमी. रसायन हेच माझं क्षेत्र.

१४ मार्च
रासायनिक संरक्षणाची पाहणी. मास्क नीट बसत नाही म्हणून मिशी काढायला लावली. सहा महिन्यांची मेहनत. देशासाठी माणूस काय काय देतो!
पुढे एक बंद खोली. आत अश्रुधूर. मास्क लावून आत जायचं, सांगितल्यावर काढायचा, स्वतःचं नाव स्पष्ट उच्चारायचं आणि बाहेर. साधी गोष्ट.
दार लागलं. पाचावर धारण बसली, असं कुणी बघणारा म्हणाला असता. मास्क काढला. नाव आठवेना. ‘आई गं’ म्हणालो, तेही स्पष्ट नव्हतं. मग दार समजून खिडकीवर धडकलो. खिडकीला गज होते.
बाहेर गोगलगायीने पाणी पाजलं. तोही रडत होता, पण नाव सांगून आला होता.

१५ मार्च
दोन्ही बाजूंचा तोल सांभाळून विचार चालू. इकडे आड तिकडे विहीर, असं सामान्य माणूस म्हणेल. मी म्हणतो, पर्याय भरपूर.

२० मार्च, संध्याकाळ
गावात रस्ता खणताना जुना तोफगोळा सापडला. आम्हा सगळ्यांना लोक अडवायला उभं केलं. मी आणि गोगलगाय एका बेकरीच्या कोपऱ्यावर. समोरच्या रिकाम्या रस्त्यावरून वस्ताद एकटे सूट घालून चालत गेले. माणूस इतका एकटा मी कधी पाहिला नव्हता.
तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला.
मी ताबडतोब घेरा तीन गल्ल्यांनी वाढवला. म्हणजे तीन गल्ल्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. वर्दीतला माणूस पळतोय म्हटल्यावर लोकही पळाले. एक आजीबाई पडल्या, कोपर सोलवटलं. बेकरीवाल्याने शटर ओढलं, त्यात त्याचीच बायको बाहेर राहिली.
आवाज ट्रकचं मागचं फळकूट पडल्याचा होता.
वस्तादांनी विचारल्यावर मी सांगितलं, लोकांची सतर्कता तपासत होतो. गोगलगायीला विचारलं, तू का नाही हललास? तो म्हणाला, भीतीने पायच उचलेनात. वस्ताद हसले आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.
आजीबाईंचं कोपर मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

२८ मार्च
साहेबांपुढे ताठ मानेने उभा राहिलो. अंतिम निर्णय: बॉम्ब. पण मी तोंड उघडायच्या आतच साहेब म्हणाले, दोन्ही पथकांनी कळवलंय, याला आमच्याकडे पाठवू नका. गोगलगायीला वस्तादांनी मागून घेतलंय. मला भांडार. सूट, मास्क, हातमोजे द्यायचे, परत घ्यायचे, धुऊन वाळवायचे.
मी म्हटलं, साहेब, मी बॉम्ब निवडणार होतो. ते म्हणाले, बघा, वस्तादांना मी सांगतो, अजून बदलता येईल. मी म्हटलं, आता तुमचा शब्द कसा मोडू?
बाहेर येऊन भिंतीला टेकलो. पाय लटपटत होते. अन्यायामुळे.
घरी कळवलं की दोन्ही पथकं आता माझ्यावर अवलंबून आहेत. ताईने विचारलं, भांडार का? काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

९ ऑक्टोबर
सकाळी फोन आला. बसथांब्यावर बेवारस पेटी. आज खऱ्याखुऱ्या पेटीपर्यंत गोगलगाय जाणार, पहिल्यांदाच.
सुटाचे पट्टे मी बांधले. बकल हातात ठरेना. तो म्हणाला, सावकाश, मला कुठे घाई असते? मी विचारलं, भीती वाटतेय? हो म्हणाला, खूप. आणि मला विचारलं, तुला? मी म्हटलं, भांडारात ओल फार आहे, त्याने बोटं आखडतात.
गाडी गेली. मी स्टुलावर बसून राहिलो. कुणी मास्क मागायला आलं, त्याला हातमोजे दिले. दूर काहीतरी वाजलं, तर मी टेबलाखाली. मग तिथेच बसलो. तिथून निदान दार दिसत होतं.
जेवणाच्या वेळेला तो आला. घामाने निथळत. पेटीत कुणाची तरी जुनी भांडी होती. मी टेबलाखालून निघालो आणि पट्टे सोडायला घेतले. एकही सुटेना, शेवटी त्यानेच सोडले.
मग माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, सकाळपासून फार भीती वाटत होती रे. थांबून म्हटलं, सकाळपासून नाही, मार्चपासून. कुणाला सांगू नकोस.
तो म्हणाला, अरे, सगळ्यांना माहीत आहे. आणि सूट धुवायला टाकून जेवायला गेला.