रॅक सरळ, घर वाकडं

१२ फेब्रुवारी १९७८, रविवार. सकाळी ७
सेट आला. स्टिरिओ! हिंगोली तालुक्यात पहिलाच असावा. परभणीचं नक्की माहीत नाही, म्हणून जिल्हा लिहीत नाही.
टर्नटेबल नांदेडच्या एका रिटायर्ड इंजिनिअरचं. अ‍ॅम्प्लिफायर आपल्या स्टँडजवळच्या गोपीचंद रेडिओवाल्याने जोडून दिला. स्पीकर दोन. सोबत एक इंग्रजी पुस्तिका, चोवीस पानं. पान तीन म्हणतं, सिस्टीम कितीही भारी असो, तिचा पाया म्हणजे रॅक. आमच्याकडे रॅक नाही.
आजपासून या वहीत सगळं कचेरीच्या फाइलसारखं लिहिणार. घरात माणसं तीन. मी, सोनाजी, सीनियर क्लार्क. पंचफुला, माझी पत्नी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. आबा, वडील, रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. घर भाड्याचं, दोन खोल्या आणि ओसरी. रूळ शंभर पावलांवर.
संकल्प: १४ एप्रिलला जयंती. त्या दिवशी अख्खी गल्ली आपल्या घरी गाणी स्टिरिओत ऐकणार. दोन महिने भरपूर झाले.

त्याच दिवशी, दुपारी
तात्पुरतं सगळं आबांच्या ट्रंकेवर मांडलं. पहिली रेकॉर्ड लावली. अंगावर काटा! तेवढ्यात पूर्णेची गाडी आली आणि सुई दोन कडवी गाळून थेट शेवटावर गेली. आबांनी विचारलं, "एवढंच गाणं हाय व्हय?"
शिवाय डावा स्पीकर बारीक वाजतो.

१५ फेब्रुवारी, बुधवार
गोपीचंदला बोलावलं. त्याने दोन्ही स्पीकरला कान लावला आणि म्हणाला, "बराबर हाय की साहेब. दोन्ही सारखेच बोलून राहिले." त्याला विद्या आहे, पण कान नाही. माझा कान लहानपणापासून तयार आहे.
पुस्तिकेत कारण सापडलं. पान अकरा: स्पीकरचा आवाज जागेवर अवलंबून. म्हणजे प्रश्न रॅकचाच. म्हणत नव्हतो?

१९ फेब्रुवारी, रविवार
लोखंडी अँगलचा रॅक आणला. चार कप्पे, बत्तीस नट. स्वतः फिट केला. दिसायला एकदम बॉम्बे.
सायंकाळी ५: रॅक गातो. बासरीला गप्प असतो, पण ढोलकी सुरू झाली की बत्तीसच्या बत्तीस नट ताल धरतात. पंचफुला म्हणाली, "ह्यो रॅक गाण्यापेक्षा बरा वाजतो." टर उडवत होती. मी मनावर घेतलं नाही.

२० फेब्रुवारी
नट आवळले. आता फक्त अठ्ठावीस वाजतात. प्रगती.

२३ फेब्रुवारी, गुरुवार
लोखंड हा धातूच स्टिरिओला चुकीचा. लाकूड! भिवाजी सुतारांना बोलावलं. त्यांना पान नऊवरचं चित्र दाखवलं. त्यांनी पुस्तिका उलटी धरून पाहिली, मग सुलटी धरून पाहिली आणि म्हणाले, "देव बसवायचा हाय का?" मी म्हटलं, टर्नटेबल. ते म्हणाले, मग बाभूळ. बैलगाडी पेलते, तुमची तबकडी काय चीज हाय.

५ मार्च, रविवार
रॅक आला! चार माणसांनी आणला. काय लाकूड! वर टर्नटेबल, खाली अ‍ॅम्प्लिफायर, त्याखाली रेकॉर्डी. नातवंडांना दाखवेन.
स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा मोरीकडे पळाला. भिवाजींना म्हटलं, रॅक तिरका झाला. त्यांना राग आला. ओळंबा काढला, दोरी सोडली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "रॅक सरळ हाय. घर वाकडं हाय."
मोजलं. खरंच आहे. पाणी वाहून जावं म्हणून अख्खी फरशी मोरीकडे उतरती. दहा वर्षं आम्ही उतारावर राहतोय, आणि कोणी बोललं नाही!
दोन पायांखाली पाटीचे तुकडे दिले (पंचफुलाच्या शाळेतल्या फुटक्या पाट्या. तिला सांगितलं नाही).
डावा अजून बारीकच.

८ मार्च, बुधवार
पान चौदा. डोळे उघडले. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण हवा, तिन्ही बाजू सारख्या. सुतळी, खिळा, खडू घेऊन फरशीवर त्रिकोण काढला. ऐकणाऱ्याची जागा चुलीवर आली.
म्हणजे आजवर या घरातला सर्वोत्तम आवाज पंचफुला भाकरी थापताना ऐकत होती! तिला विचारलं, कसा येतो आवाज? म्हणाली, "कोणता आवाज?"

९ मार्च
चूल हलवता येईल का, असं सहज विचारलं. तिने सहज उत्तर दिलं. ते लिहीत नाही.

१२ मार्च, रविवार. सकाळी
त्रिकोण फिरवला. आता रॅक पूर्वेच्या भिंतीला. तीच एक दगडी, बाकीच्या मातीच्या. गाडी आली तरी ती कमी थरथरते. अडचण एकच, तिथे आबांची बाज आहे.
आबांना समजावलं: ओसरीवर हवा चांगली, रस्ता दिसतो, माणसं भेटतात. ते काही बोलले नाहीत. संमती. स्वतःच बाज उचलायला लागले, मी दुसरी बाजू धरली. आमच्या घरात एकमत किती चटकन होतं!
संध्याकाळी: पंचफुला माझ्याशी बोलत नाही. डोकं दुखत असेल.

१५ मार्च, बुधवार
आबा डोंगरकडा गावाला गेले. जिवनबाईकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे. सकाळच्या एसटीने. हवापालटासाठी असणार. पिशवीत दोन्ही धोतरं, घोंगडी, तांब्या आणि भिंतीवरचा आईचा फोटो नेला. हवापालटाला फोटो कशाला, हे समजलं नाही.
पंचफुला म्हणाली, "तुमाले काही ऐकूच येत न्हाई." मी म्हटलं, अगं येतं, फक्त डावं जरा बारीक येतं, त्याचंच तर चाललंय. ती शाळेत निघून गेली.
आता भिंत पूर्ण मोकळी.

१९ मार्च, रविवार
भिंत मोकळी, पण सुई उडतेच. गाडी सकाळी उडवते, गाडी दुपारी उडवते. मधल्या वेळात पंचफुला उडवते. हल्ली ती टाचा आपटून चालते.
शेजारच्या सोजराबाई आल्या होत्या. मोकळ्या भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "म्हातारा कुठंय?" मी म्हटलं, हवापालट. त्या रॅककडे बघत राहिल्या. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

२६ मार्च, रविवार
करमत नाही. सुईमुळे.
सकाळी दाढी करताना आबांना साबण कुठंय म्हणून हाक मारली. मग आठवलं.

२ एप्रिल, रविवार
डोंगरकड्याला जाऊन आलो. पंचफुलाने पाठवलं असं नाही, मी निघालोच होतो, तिने फक्त पिशवी हातात दिली.
आबा केळीच्या बागेत मेहुण्याला पाटाचं पाणी धरायला मदत करत होते. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, "तिथं जागा कुठंय?" मी म्हटलं, जागेचंच काय ते बघतोय, पण सुई उडते हो, आबा. गाडी आली की उडते. सगळं करून पाहिलं, पाट्या लावल्या, पोतं घातलं... बोलता बोलता रुमाल काढावा लागला. सुईसाठी.
त्यांनी माती ओढून पाणी पुढच्या सरीत वळवलं. मग म्हणाले, "रूळ काहून हालत न्हाई? गाडी त्याच्यावरून जाती, तरी हालत न्हाई. खाली खडी असती म्हनून. तीस वर्सं मी काय केलं मग? खडीच ठोकली ना?"
पुस्तिकेत हे कुठेही नाही. चोवीसच्या चोवीस पानांत नाही.
मी म्हटलं, मग येऊन ठोकून द्या. म्हणाले, "बगू."

७ एप्रिल, शुक्रवार
आबा आले! एसटीतून उतरले ते डोक्यावर पोतं घेऊन. मला वाटलं जिवनबाईने हळद दिली. खडी निघाली. निवडलेली, एकसारखी, धुतलेली. कंडक्टरशी भांडून आणली म्हणे, त्याला लगेजमध्ये दगड लिहायला जमेना.
चार डबे कापले, त्यात खडी भरून आबांनी लाकडाने ठोकली, थरावर थर. त्यावर रॅकचे चार पाय. मी मध्येच सूचना देत होतो. त्यांनी एकदाच वर पाहिलं आणि म्हणाले, "गँगमन कोन हाय इथं?"
सायंकाळी ६.१०: गाडी आली. खिडकीच्या काचा थरथरल्या, भांडी थरथरली, मी थरथरलो. सुई गात राहिली. गात राहिली! मी आबांना मिठी मारली, पंचफुलाला मारणार होतो, पण सोजराबाई उभ्या होत्या.
(रॅक कोपऱ्याला घेतला. बाज परत भिंतीला. त्रिकोण थोडा बिघडला, पण खडीची कल्पना माझ्या डोंगरकड्याच्या दौऱ्यातून निघाली, एवढं समाधान आहे.)

१३ एप्रिल, गुरुवार
तयारी पूर्ण. सत्तावीस घरी सांगितलं. ऐकण्याची जागा एकच असल्यामुळे तिथे खुर्ची, आणि प्रत्येकाने एकेक मिनिट बसायचं. रांग ओसरीवरून. डावा बारीक आहे, त्याबद्दल सुरुवातीला दिलगिरीचं छोटं भाषण करणार.

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ३
निळे झेंडे, गुलाल, गल्ली फुललेली. माझ्याकडे रांग! नागनाथाच्या देवळात सोमवारी असते तशी. म्हातारे, बाया, लेकरं, मिरवणुकीतले ढोलवालेसुद्धा. एकेक जण खुर्चीत बसतो, डोळे मिटतो आणि हसत उठतो. लखमा हमाल तर उठायलाच तयार नव्हता. म्हणाला, "साहेब, गानेवाला मधात बसून राहिला ना, इथं, माह्या नाकासमोर!"
मी म्हटलं, मध्ये नाही, जरा उजवीकडे. तो म्हणाला, मधात. मी रांगेला विचारलं. अख्खी रांग म्हणाली, मधात. चाळीस माणसं! एकालाही कान नाही.
मी स्वतः खुर्चीत बसलो. उजवीकडे.
तेव्हा आबा पुढे आले. म्हणाले, "सोन्या, तोंड फिरव." मी खुर्ची उलटी केली, पाठ स्पीकरला. गाणेवाला झटकन दुसऱ्या स्पीकरकडे गेला, म्हणजे पुन्हा माझ्या उजव्याच हाताला. परत फिरलो. परत आला. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या.
आबा म्हणाले, "पेटी बरी हाय. कान बग."

१५ एप्रिल, शनिवार
डॉक्टर. पिचकारी. डाव्या कानातून जे निघालं त्याचं वर्णन फाइलला लावत नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभराचं तरी असेल.
यावरून एक सिद्ध झालं. सिस्टीम पहिल्या दिवसापासून निर्दोष होती. म्हणजे माझी निवड अचूक होती.

१६ एप्रिल, रविवार. सकाळी ८
आज पहिल्यांदा खरा स्टिरिओ. पंचफुलाने चहा खुर्चीत आणून दिला. आबा बाजेवर, माझ्या डाव्या हाताला. रेकॉर्ड लावली. डावा, उजवा, आणि बरोब्बर मधोमध गाणारा. डोळ्यांत पाणी आलं.
दुसऱ्या कडव्याला डाव्या बाजूने खर्रखर्र. बारीक, थांबून थांबून. रेकॉर्डीवर धूळ असेल म्हणून पुसली. तरी खर्रखर्र. वायर हलवली. सुई साफ केली. गोपीचंदला बोलावणार होतो. शेवटी मशीन बंद केलं.
बंद केल्यावरही येत राहिलं.
आबा खोकत होते. तोंडावर धोतराचा सोगा धरून, गाणं बिघडू नये म्हणून.
पंचफुलाला विचारलं, कधीपासून? म्हणाली, "दिवाळीपासून. दोनदा सांगितलं तुमाले."
आज दवाखाना बंद. उद्या रजा टाकतो. आबा म्हणतात, काही न्हाई, धूळ हाय, गाणं लाव. लावलं नाही.