पाकटाची शेपटी

लेस्टर, ४ मे

चि. अक्षया हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

देवच्या घरी सुखरूप पोचलो. तुझा भाऊ आणि सूनबाई माझे खाण्यापिण्याचे लाड करतात. तुझे फोन घेत नाही, त्यात राग नाही. बोलायला तोंडच उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

युरोपातल्या कुठल्या देशाच्या जाळ्यात पाकट मासे किती येतात, कुठं घटले, कुठं वाढले, हे बघायचं तुझं काम. मासा मोजायचा, खूण लावायची आणि जिवंत सोडायचा, हे तू मला तुमच्या कामाच्या बोटीवर चढतानाच बजावलं होतंस. तरी जाळं वर आलं आणि माझ्या हातानं सुरी उचलली. आपल्याकडं अलिबागला पाकट होडीत आला की आधी शेपटी छाटतात, तिच्यातला विषारी काटा लागला तर माणूस कामातून जातो. तेच केलं. सगळे माझ्याकडं बघत राहिले. जन्मभर होडीचा नाखवा म्हणून मिरवलो आणि पोरीला चार माणसांत मान खाली घालायला लावली. तुझ्या लग्नाला मी नसलेलाच बरा.

तुझे बाबा

प्लिमथ, ७ मे

ती. बाबांना पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

नोकरी शाबूत आहे. मॅनेजरनं झापलं, ते मलाच. इथल्या बहुतेक पाकटांना विषारी काटा नसतो, हे तुम्हाला सांगायचं माझ्याच लक्षात राहिलं नाही. लग्नाचं असलं काही परत लिहू नका, नाहीतर मीच लग्नाला जाणार नाही.

लाज मला वाटतेय, आणि ती वेगळीच आहे. तुम्ही डेकवरचं रक्त पुसत होतात तेव्हा बोटीच्या स्किपरनं मला विचारलं, हे तुझे वडील का. मी नाही म्हटलं. भावाच्या ओळखीचे आहेत, असं सांगून टाकलं. तुम्हाला इंग्रजी कळत नाही, असं धरून चालले. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. रविवारी याल का? ट्रेनचं तिकीट मी बुक करते.

हवं तेवढं रागवा, लोभ मात्र काढून घेऊ नका.

तुमची अक्षया

लेस्टर, १० मे

चि. अक्षया हिस आशीर्वाद.

पत्र वाचलं. पोरी, ‘फादर’ आणि ‘नो’ एवढं इंग्रजी मला कळतं. तू नाही म्हणालीस तेव्हा स्किपरनं माझ्याकडं पाहिलं, आणि मीही मान हलवून नाही म्हटलं. वाटलं, तेवढंच तुझ्या नोकरीला बरं. नंतर ट्रेनमध्ये मात्र रडू आवरेना, समोरच्या बाईनं टिश्यू दिला. स्वतःच्या लेकीला माझी नाही म्हटलं, याची लाज जात नाही.

रविवारी येतो. आधी बोटीवर ने. त्या स्किपरची माफी मागायचीय, तुझा बाप म्हणून.

तुझे बाबा