आईच्या हसण्याएवढी जागा

ता. ३ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण घरात अबोला चालू आहे. मी कॉलेज सोडलं. बाबा सगळ्यांना ‘सुटलं’ असं सांगतायत, तुझ्यापर्यंतही तसंच आलं असेल. सुटलं नाही, सोडलं. सरांनी माझ्या वहीतली कविता भर वर्गात वाचून दाखवली, सगळे खिदळले, मी उठून बाहेर आलो तो परत गेलो नाही. आता बाबांना जेवताना मीठ हवं असेल तर ते भिंतीकडे बघून मागतात आणि मी भिंतीच्या वतीने देतो.

नोकरी मात्र लागली, टीव्हीच्या दुकानात. विकायचे, घरोघर बसवायचे, बिघडले तर उघडून बघायचे. तुझी मालिका लागते तेव्हा दुकानातल्या झाडून सगळ्या पडद्यांवर तू एकदम शिडीवरून पडतोस. मालक गिऱ्हाइकांना सांगतात की या जावईबापूचा सख्खा भाचा आपल्याकडे कामाला आहे. मग गिऱ्हाईक मी कधी पडतो याची वाट बघत बसतं. मी आईच्या हसण्याची वाट बघतो. सगळ्यांचं हसून झालं की मागून एकटं उशिरा येतं आणि शेवटी उचकी लागते, ते. पहिल्या भागाला तू तिला प्रेक्षकांत नेऊन बसवलंस आणि तुमच्या ध्वनीवाल्याने ते हसणं टेपवर धरून ठेवलं, हे फार बरं झालं. ती गेल्यापासून घरात तिचा आवाज कुठेच नाही. तुझ्याकडे तेवढा आहे.

आता खरी बातमी. समोर चष्म्याचं दुकान आहे. तिथे नंबर तपासते ती मुलगी. माझे डोळे घारीचे आहेत हे तुला माहीत आहे. तरी मी तपासायला गेलो आणि तिथली खुर्ची सोडवेना म्हणून अक्षरं मुद्दाम चुकीची वाचली. तिने बिचारीने पुन्हा पुन्हा भिंगं बदलली. शेवटी मला चष्मा लागला. तो घातला की जिन्याची पायरी असते तिथे नसते आणि संध्याकाळी डोकं ठणकतं, पण ती दिसेल तिथवर मी तो काढत नाही.

ती मान पाखरासारखी जरा कलती ठेवते. मी एकदा सरळ विचारलं. लहानपणी ताप डोक्यात गेला, तेव्हापासून उजव्या डोळ्याने दिसत नाही, असं तिने सांगितलं. दुकानाचे मालक, त्यांना आम्ही डोळेवाले काका म्हणतो, त्यांना हे माहीत नाही. कळलं तर ते तिला तपासायच्या खुर्चीपाशी उभं करणार नाहीत. तिचं काम एका डोळ्यानेही चोख आहे, पण लोकांना कोण समजावणार? चहा ओतताना ती कपाच्या काठाला बोट लावते. घाई झाली की बोट विसरते आणि चहा बशीत. हे तिने माझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. मी तुला सांगतोय, कारण आई असती तर तिला सांगितलं असतं. कुणाला सांगू नकोस.

मामीला नमस्कार. लोभ आहे तसा राहू दे.
तुझा भाचा

ता. १९ जून

चि. तोफखान्यास,
अ. आ.

पत्र वाचून मामी आणि मी दोघं हसलो, आणि मग मामीने मला दटावलं की पोराच्या डोकेदुखीला हसू नका. तुझं कॉलेजचं मी तुझ्या बाबांशी बोलेन. ते माझ्याशीही भिंतीमार्फत बोलले तर मात्र माझा इलाज नाही.

तू आईच्या हसण्याबद्दल लिहिलंस म्हणून एक सांगतो. आता चित्रीकरणाला प्रेक्षक नसतात. वाक्य झालं की आम्ही थांबतो, हसण्यासाठी जागा सोडतो, मग पुढचं वाक्य. ध्वनीवाला नंतर त्या जागेत हशा भरतो. नवी पोरं मनात आकडे मोजतात. मी ताईचं हसणं मनात ऐकतो आणि तिची उचकी झाली की बोलतो. दिग्दर्शक म्हणतो की माझ्याइतकी मापात जागा कुणी सोडत नाही.

बाकी माझं काय विचारतोस. रंगभूमीवर राजे केले, एकदा असा बाप केला की पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसत घरी गेल्या. त्यातलं कुणाला काही आठवत नाही. भाजीवाला जावईबापू म्हणतो, गुडघ्याचा डॉक्टर फोटो उजेडात धरून आधी हसतो आणि मग निदान सांगतो. आता तर शिडीलाही उतरती कळा लागली आहे. वाहिनीच्या साहेबांनी निरोप पाठवलाय की पडणं जुनं झालं, काहीतरी नवं आणा, नाहीतर गाशा गुंडाळा. आमचा लेखक सकाळपासून कपाळाला पेन लावून बसतो. या वयात मला दुसरं कोण उभं करणार? सगळीकडे जाऊन पुन्हा पडूनच दाखवावं लागेल.

असो. तिला तुझ्या डोळ्यांचं खरं लवकर सांग. बाहेरून कळलं तर वाईट. आणि ते चहाचं पुन्हा नीट कळव. बोट कुठल्या हाताचं लावते? मान कुठल्या बाजूला कलते? तुझी निवड डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करतोय, म्हणून विचारलं.

लोभ वाढता राहो.
तुझा मामा

ता. ३० जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू इतक्या बारकाईने विचारलंस, मला भरून आलं. बाबांनी तिचं साधं शिक्षणही विचारलं नाही.

मान उजवीकडे वळते, म्हणजे डावा डोळा पुढे येतो. किटली उजव्या हातात, बोट डाव्या हाताचं, दुसरं. चहा सांडला की ती आधी इकडेतिकडे बघते आणि मग बाहीने पुसते, फडकं शेजारी असलं तरी. चष्मा घालताना दोन्ही दांड्या माझ्या कानांवर एकाच वेळी ठेवते आणि विचारते की आता जग कसं दिसतं. मी दरवेळी म्हणतो की छान. दिसत काहीच नसतं.

येत्या महिन्यात तिला सगळं खरं सांगणार आहे. शब्द जुळवतोय. तुला एखादं चांगलं वाक्य सुचलं तर पाठव, तुमच्याकडे लेखक आहे.

लोभाची काळजी तुला नको, तो माझ्याकडे पोत्याने आहे.
तुझा भाचा

ता. २२ ऑगस्ट

मामा,

वरचा नमस्कार मुद्दाम गाळला आहे.

काल संध्याकाळी दुकान भरलेलं होतं. मालक एका गिऱ्हाइकाला मोठ्या पडद्यांची ओळ दाखवत होते. तुझी मालिका लागली आणि प्रत्येक पडद्यावर जावईबापू डोळे तपासायला गेला. डोळे चांगले असून अक्षरं चुकवत होता. मी आधी हसलो, मामा. मला वाटलं तू माझी गंमत केलीस, घरातल्या घरात. मग पडद्यावर ती आली. मान उजवीकडे, किटली उजव्या हातात. बोट विसरली. चहा जावईबापूच्या मांडीवर गेला, तू कोकललास आणि ती इकडेतिकडे बघून बाहीने पुसू लागली. एका डोळ्याने जगाचे नंबर काढते, असं तू प्रेक्षकांकडे वळून म्हणालास. आणि थांबलास.

त्या जागेत सगळे हसले, आणि त्यांच्या मागून आई हसली. उचकीसकट.

दुकानातली माणसं पोट धरून हसत होती. ओळीतले सगळे टीव्ही बंद करायला मी धावलो, पण एक बंद करावा तर शेजारच्यात तेच. मालक ओरडले की वेड लागलं का. आणि काचेतून मला समोरचं दुकान दिसत होतं. तिथे भिंतीवर टीव्ही आहे. तो मीच बसवून दिलाय. डोळेवाले काका टीव्ही बघत होते आणि मग टीव्हीकडे न बघता तिच्याकडे बघायला लागले.

कुणाला सांगू नकोस, असं मी लिहिलं होतं. तू एकट्या लेखकाला सांगितलंस, असं म्हणशील. सरांनी माझी कविता वर्गात वाचली तेव्हा निदान मी तिथे हजर होतो.

भाचा

ता. २ सप्टेंबर

चि. तोफखान्यास,
अ. आ.

तू नमस्कार गाळलास तरी मी आशीर्वाद गाळणार नाही.

सारवासारव करत नाही. बैठकीत साहेब उठायला निघाले होते. मालिका बंद, असं त्यांनी म्हणून झालं होतं. माझ्या तोंडून चहाचा कप निघाला. एक सांगितलं की दुसरं सांगावं लागतं, आणि साहेब परत बसले. तुझी दोन्ही पत्रं मला पाठ होती. मला वाटलं होतं की तिचं काम करणारी नटी ते हळुवार करेल. पण कॅमेऱ्यासमोर हसण्याच्या जागा मीच सोडल्या, हेही खरं.

आता पुढचं ऐक, कारण ते तुला माझ्याकडूनच कळावं. तो भाग फार चालला. साहेबांना ती चष्मेवाली कायमची हवी आहे. मी विरोध करून बघितला, पण जोर लावून केला असं म्हणवत नाही. मामी माझ्याशी बोलत नाही. तुझ्या बाबांची भिंत आता आमच्या घरीही आली आहे.

मी येऊन त्या मुलीची माफी मागू का? तू म्हणशील ते करतो. मालिका थांबवणं सोडून दुसरं काहीही सांग.

लोभ राहावा, असं म्हणायचा हक्क उरला असेल तर म्हणतो.
मामा

ता. १२ सप्टेंबर

मामा,

येऊ नकोस. तुला बघून रस्त्यातली माणसं आधी हसतील आणि तिला ते पुन्हा ऐकावं लागेल.

डोळेवाल्या काकांनी दुसऱ्याच दिवशी तिला खुर्चीत बसवलं, डाव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला आणि अक्षरं वाचायला सांगितली. तिला एकही वाचता आलं नाही. आता ती मागच्या खोलीत काचा घासते. पुढे यायचं नाही.

मी तिला भेटलो. तुझ्यावर सगळं ढकललं. विश्वासघातकी, सख्खा असून वैरी, तोंडाला येईल ते बोललो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की तुझा मामा मला ओळखतसुद्धा नाही, त्याला कुणी सांगितलं? तिने मला एकट्याला सांगितलं होतं आणि मी ते कौतुकाने, बोटाच्या नंबरासकट, दुसऱ्याला लिहून कळवलं.

मग तिने मला खुर्चीत बसायला सांगितलं. काका जेवायला गेले होते. मी एकूणएक अक्षर बरोबर वाचलं, खालची बारीक ओळसुद्धा. तिने माझा चष्मा काढून घेतला, घडी करून डबीत ठेवला आणि गिऱ्हाइकाला सांगतात त्याच आवाजात सांगितलं की डोळे उत्तम आहेत, पुन्हा येण्याची गरज नाही.

डोकं दुखायचं थांबलंय. मी ते दुखणं परत घ्यायला तयार आहे, पण कुणी देत नाही.

तू काहीही सांग म्हणालास ना? मग एवढंच कर. चष्मेवालीला हसायला आई नको. ती असल्या गोष्टीला हसली नसती. ती तुझ्या पडण्याला हसली होती, कारण तू तिचा भाऊ होतास आणि तुला लागलं नव्हतं. तिला त्या टेपमधून काढ.

भाचा

ता. ५ ऑक्टोबर

मामा,

तुझं उत्तर आलं नाही, पण काल मालिका बघितली. बघणार नव्हतो. दुकानात नजर चुकवायची तर सगळीकडे तूच.

चष्मेवालीचा प्रसंग होता. तू शिडीवर होतास, तिने खालून फ्रेम वर फेकली, तू ती झेलायला गेलास आणि पडलास. उठलास, गुडघा धरून, आणि तो धरणं खरं होतं हे मला कळलं. वाक्य म्हणालास. थांबलास. सगळे हसले, त्यांचं हसून संपलं, आणि तू तरीही थांबलेलाच होतास. नेमका तेवढाच वेळ. उचकी संपेपर्यंत.

काहीही ऐकू आलं नाही. ओळीतल्या सगळ्या पडद्यांवर तू तोंड किंचित उघडं ठेवून उभा होतास. एका गिऱ्हाइकाने विचारलं की सेटचा आवाज गेला का. मालकांनी टीव्हीवर थाप मारली आणि माझ्याकडे बघितलं. मी सवयीने बटणाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

मग तू पुढचं वाक्य म्हणालास. ती चष्मेवाली पुन्हा मान कलवून आत आली आणि दुकान पुन्हा हसायला लागलं.

माझं ऐकलंस, एवढं पोचलं. समोरच्या दुकानात पुढच्या खुर्चीपाशी आता दुसरी मुलगी आहे. मागच्या खोलीतून काच घासल्याचा आवाज येतो, रस्त्यावर गाड्या नसल्या की.

मामीला माझा नमस्कार सांग. यापुढे मी पत्र लिहीन, आईने लावलेली रीत मोडणार नाही, पण त्यात हवापाणी तेवढं असेल. लोभ उरला आहे की नाही, ते इथे लिहीत नाही. तुला लिहिलेलं आपल्या दोघांत राहत नाही.

तुझ्या ताईचा मुलगा