चाचा, फुल फ्रेम घेऊ की नको

चाचा, तुम्ही गेलात तेव्हा बाजारात रीळ मिळत होतं, यावरून किती वर्षं झाली ते तुम्हीच समजून घ्या. फोटोचं दुकान अजून तिथेच आहे, मोताळ्याच्या बाजाराकडे तोंड करून. पाटीवर तुमचंच नाव आहे; लोक मला त्याच नावाने हाक मारतात आणि मी ओ देते. आज लिहायला बसले ते एका कॅमेऱ्यासाठी. फुल फ्रेम म्हणतात त्याला. आतली फोटो पकडणारी चिप मोठी असते म्हणे. किती मोठी, तर तुमच्या रिळाच्या एका चौकटीएवढी. म्हणजे तुमच्या त्या काळ्या कॅमेऱ्यात जे मुकाट्याने होतं, ते आधी कापून लहान केलं, आम्हाला इतकी वर्षं त्या तुकड्यावर खेळवलं आणि आता ‘पूर्ण’ म्हणून तेच परत विकायला काढलं आहे. तुम्ही असता तर दुकानदाराला बसवून चहा पाजला असता आणि रिकाम्या हाताने पाठवलं असतं. मला तसं जमत नाही. महिनाभर नुसतं घेऊ की नको करत फिरते आहे.

तुमच्या पायरीसमोर आईचं वांग्या-मेथीचं दुकान लागायचं, मी मागे बसून पेंढ्या बांधायची. गावातल्या मोठ्या मुसलमान घरांतून लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोवाला चालत नव्हता आणि तुमच्या घरात मुलगी नव्हती, म्हणून तुम्ही एक दिवस आईला माझ्याबद्दल विचारलंत. आई म्हणाली, “पोरगी तोंडाची लय फटकळ हाय, चाचा.” तुम्ही म्हणालात, “असू दे. फोटोत आवाज येत नाही.” मी फोटो काढलेलं पहिलं लग्न मला अजून घाम फोडतं. मी आत बायकांत आहे, तुम्ही पडद्याबाहेर अंगणात खुर्ची टाकून बसला आहात आणि तिथून ओरडून विचारता आहात, “खिडकी कोन्या बाजूले हाय?” मी म्हणते, डावीकडे. “मंग नवरीले तिकडं फिरव. लेन्सवरचा आकडा आठवर ठेव. श्वास सोडू नको.” आतल्या एका म्हातारीने तोंडाला पदर लावला आणि मला विचारलं, “फोटो तू काढून राह्यली का चाचा काढून राह्यले?” नवरी इतकी हसली की सगळे फोटो हललेले आले. तुम्ही रागावलात, पण माझ्यावर. नवरीवर कोण रागावणार.

त्या घरांत आपण शिरलो ते एका गोष्टीवर. बायकांच्या फोटोंच्या निगेटिव्ह तुम्ही कधी दुकानात ठेवल्या नाहीत. पट्ट्या कापायच्या, बटरपेपरात गुंडाळायच्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातात द्यायच्या. मी एकदा म्हटलं, ठेवल्या तर जास्तीच्या प्रती काढून देता येतील, चार कामं वाढतील. तुम्ही कात्री खाली ठेवली. “लोकं आपल्याले आत येऊ देतात, काऊन? आपण हात झाडून बाहेर येतो म्हणून. त्या हातात काही राह्यलं तर उद्या दारातून वापस.” मी तो नियम आजही चालवते. रीळ गेलं, कार्ड आलं. माझ्या जुन्या कम्प्युटरला इंटरनेट नाही, प्रिंट दुकानातच निघते. अल्बम तयार झाला की त्या घरातली एक बाई माझ्या शेजारी येऊन बसते आणि तिच्यासमोर मी सगळं पुसते. पुसताना तिला चहा लागतो. मला नंतर लागतो.

आता यंदाचं सांगते. कापसात गुलाबी अळी शिरली आहे. बोंड बाहेरून टणटणीत, फोडलं की आत ती बसलेली. नुकसानीसाठी पुरावा हवा म्हणून शेतकरी पिशवीत बोंडं घेऊन दुकानात येतात आणि मी हंगामभर नवरीपेक्षा अळीचे फोटो जास्त काढले. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात अळी फार सुंदर येते, रंगासकट. नवरीचंच तेवढं जमत नाही. ज्या घरांत दिवाळीनंतर लग्नं ठरायची तिथे आता ‘पुढच्या वर्षी पाहू’ चाललंय. एकच मोठं लग्न उरलंय, एका कापूस व्यापाऱ्याच्या घरचं. नवरीच्या आईच्या लग्नाचे फोटो याच दुकानाने काढले. ते घर सुटलं तर त्यांच्या गल्लीतली बाकीची घरंही सुटतात, एवढा हिशेब मला न मांडता येतो.

नवरीने मला बसवलं आणि मोबाईलवर कुणाचे तरी फोटो दाखवले. फ्लॅश नाही, दिव्यांच्या उजेडात चेहरे मधासारखे. “आंटी, असे पायजेत. तुमच्या फ्लॅशनं आम्ही सगळ्या चुना लावल्यासारख्या दिसतो. तुमच्याजवळ फुल फ्रेम हाये का? नसंल तर अकोल्याची एक मुलगी येते.” तिची आई, जिला मी भाभी म्हणते, तिने लगेच डोळे वटारले. “कोनती मुलगी? फोटो घेऊन जाईन अन् उद्या तिच्या मोबाईलवर आपन नाचून राह्यलो.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तूच ये. कॅमेरा हिच्या मनासारखा, बाकी आपलं नेहमीचं.” मी हो म्हणाले. हो म्हणणं माझ्या तोंडातून नेहमी लवकर निघतं.

अकोल्याच्या दुकानात जाऊन कॅमेरा हाताळला, त्यातले थोडे फोटो पेनड्राइव्हवर घरी आणले. माझ्या कम्प्युटरने पहिला फोटो उघडताना असा घरघर आवाज काढला की मी उठून खिडकी उघडली. नंतर तो बंदच पडला. एवढे जड फोटो तो उचलूच शकत नाही. म्हणजे फोटो खामगावच्या लॅबला पाठवायचे, तिथे पोरं बसलेली असतात, ती बघणार, ठेवणार. मोठा कॅमेरा घेतला तर भाभीला दिलेला शब्द मोडतो. नाही घेतला तर नवरी अकोल्याला जाते. जुनी लेन्सही त्याला पूर्ण चालत नाही, ते वेगळंच. हे सगळं मी भावाला सांगितलं. तो कापसाची पऱ्हाटी उपटत होता, उपटता उपटताच म्हणाला, “मले पन दुकानदारानं असंच सांगतलं होतं, ताई. हे बी घे म्हने, फवारा लागत नाही. आता फवारा येगळा, पंप येगळा, अन् अळी तीच. तुह्या कॅमेऱ्याले फवारा कोनता लागते ते आधी इचार.” मी म्हटलं, तुला सल्ला मागितला होता, भाषण नाही. तो म्हणाला, “भाषणाचे पैसे नाही घेत मी.”

शेवटी काल भाभीकडे गेले आणि सरळ सांगितलं. नवा कॅमेरा घेते, पण फोटो खामगावला न्यावे लागतील, माझ्या कम्प्युटरला झेपत नाहीत. मनातून वाटत होतं, आता ही उठेल आणि मला दार दाखवेल. भाभी शेंगा सोलत होती. ती तशीच सोलत राहिली. मग म्हणाली, “आमच्या पोट्ट्यानं गेम खेळाले एवढा मोठा कम्प्युटर घेतला, रात्रंदिवस बंदुका चालोते. तुहे फोटो नाही चालनार का त्याच्यावर? इथंच बस, इथंच कर. दोन टाइम जेवन इथंच.” झालं. महिनाभर मी जो डोंगर अंगावर घेऊन फिरत होते, तो तिने शेंगांच्या टरफलांबरोबर सुपात टाकला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

कारण कम्प्युटर हे खरं कारण नव्हतं, चाचा. अकोल्याच्या त्या दुकानात मी काउंटरवरच्या मुलीचेच फोटो काढले होते, लेन्सचं तोंड पूर्ण उघडून, फ्लॅशशिवाय. छान आले, म्हणाले मी. तिने फोटो मोठा करून दाखवला. “मॅडम, कानातलं स्पष्ट आलंय, डोळे हुकलेत.” मला दोन्ही सारखेच दिसत होते. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात फ्लॅश पडला की जवळचं-लांबचं सगळं बऱ्यापैकी रेषेत येतं, त्यात कुणाचं काय कमी दिसतं ते झाकून जातं. मोठ्या कॅमेऱ्यात एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंतसुद्धा फरक पडतो. कॅमेरा आपोआप पकडतो म्हणतात, पण कोणता चेहरा पकडायचा ते मलाच सांगावं लागतं, आणि पकडलाय का हे मलाच बघावं लागतं. नवरीचं आयुष्यातलं एकच लग्न, आणि तिचं कानातलं झकास.

हे मी भावाला बोलले नाही, भाभीला तर नाहीच. तुम्हाला विचारत होते घेऊ की नको, पण मला तुमचं ‘नको’ हवं होतं. रंगीत रिळालाही तुम्ही किती वर्षं ‘नको’ म्हणत बसलात, तसंच एक, ठसक्यातलं. मी आदळआपट करून घरी गेले असते आणि मनातून सुटले असते.

उद्या सकाळच्या गाडीने अकोल्याला जाते आहे. कॅमेऱ्याचं दुकान आणि डोळ्यांचा दवाखाना एकाच रस्त्यावर आहेत, आधी कुठे शिरेन ते अजून ठरलेलं नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवायची सोय असती, तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही कॅमेऱ्याबद्दल एक शब्द न बोलता विचारलं असतं, “बेटा, कवापासून दिसत नाही?” आणि दोन वर्षं झाली, हे मला तुमच्यासमोर म्हणता आलं नसतं.