एकाच गाण्याच्या चार प्रती

मंगळवार, तळा. दिवेलागण.

बाबांच्या छोट्या स्पीकरचं मेमरी कार्ड काल मीच साफ केलं. एकच गाणं चार-चारदा भरलेलं. प्रत्येकाच्या पहिल्या दोन ओळी ऐकल्या, त्यातलं सगळ्यात स्वच्छ ठेवलं, खरखरणारी तिन्ही पुसून टाकली. वर स्वतःवर खूशही झाले.

त्या पुसलेल्या तिन्हींतलं एक बाबांनी मी लहान असताना रेडिओवरून टेप केलं होतं. दुसऱ्या कडव्यात आई आतून विचारते, "अवो, भात उतरवू का?" टेपमध्ये आवाज जाईल म्हणून बाबा तेव्हा गप्प बसले होते. आई गेल्यापासून मात्र गाणं त्या जागी आलं की ते रोज हळूच म्हणतात, "उतरव." हे मला ठाऊक होतं. मग दुसऱ्या कडव्यापर्यंत का नाही ऐकलं मी? कॅसेट तर माणगावच्या दुकानातून कार्डात भरून आणली, तेव्हाच भंगारात दिली.

आज त्यांनी पडवीत गाणं लावलं. दुसरं कडवं आलं, सरलंसुद्धा. बाबा मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत राहिले. भात उतरवू का, एवढंच तर होतं ते. गाणं पार संपल्यावर म्हणाले, "उतरव."

मग स्पीकर कानाशी धरून हलवून बघितला. "कार्ड जुनं झालं वाटतं गो."

मी व्हय म्हणाले.