तापली की बसते

सोमवार, १४ ऑक्टोबर १९३५
पुन्हा तेच. देवळालीला अशिलाकडे गेलो, चहा झाला, बाहेर येऊन बघतो तर मोटार ढिम्म. हँडल मारून खांदा निखळायची वेळ. अशील आणि त्याचे भाऊ ढकलायला लागले. ज्या वकिलाला ढकलावं लागतं त्याच्याकडे पुढची केस कोण देणार? आंब्याखाली बसून राहिलो. बऱ्याच वेळाने पहिल्या हँडलला लागली, जसं काही झालंच नाही.
सकाळी गार असताना एक कुरकुर नाही. तापली, थांबवली, की मेली.

मंगळवार, १५
सासरे बाजाराला आले होते. ओट्यावरच बसले, आत यायला तयार नाहीत. सौ.ला आठ महिने भरून गेले, अजून माहेरी सिन्नरलाच. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, या खेपेला दवाखान्यातच, दिवाळीच्या आत आणून ठेवा. सासऱ्यांना ते पटलंय. मोटार पटत नाही.
"तुमची मोटार रस्त्यात बसते म्हणे, जावईबापू."
कोणी सांगितलं कोण जाणे. मी काही म्हणायच्या आत तेच पुढे म्हणाले,
"मी गाडी जुंपतो. सावकाश नेतो."
मागच्या खेपेलाही बैलगाडीच होती. मोहदरीच्या घाटात सौ. वाटेतच मोकळी झाली. मूल रडलं नाही. हे मी त्यांना काय सांगणार, ते स्वतः गाडी हाकत होते.
"मोटार नीट करून आणतो," म्हणालो.
"आणा. माझ्या दारात तापलेली बंद करायची, परत लावून दाखवायची. मग पोरगी बसेल."
अट रास्त आहे. राग आला तरी रास्त आहे.

गुरुवार, १७
युसूफ मिस्त्री दिवसभर मोटारीत डोकं घालून. भद्रकालीत त्याच्याइतका मोटारीचा जाणता नाही, असं तोच म्हणतो. निदान: ठिणगी पाडणारी कॉइल तापते. दुसरी घातली. संध्याकाळी गंगापूर रस्त्याने फिरवून आणली, दारात बंद केली, पुन्हा लावायला गेलो. मेली.
मग म्हणतो, पेट्रोलची नळी तापते, आत वाफ धरते. नळीला ओलं फडकं गुंडाळलं. तेही सुकलं, मोटार तशीच.
आई म्हणाली, "दृष्ट लागली असेल, मीठमोहऱ्या उतरवू का?" उतरव म्हटलं. कॉइल बदलून काय मिळालं ते दिसलंच.

शनिवार, १९
कोर्टाला सुट्टी. युसूफला घेऊन शिंदे गावापर्यंत गेलो, मुद्दाम तापवायला. गावाबाहेर बंद केली. लागेना. युसूफ म्हणाला, "साब, पेट्रोल तो है ना? देख लेतो." आमच्या मोटारीची टाकी पुढच्या बैठकीखाली. बैठक उचलली, झाकण काढलं, काठी घालून पाहिलं. पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, त्याने सहज हँडल मारलं, आणि लागली.
"ठंडी झाली," तो म्हणाला.
मी बॉनेटला हात लावला तो चटका बसला. कसली ठंडी. उलटतपासणीत साक्षीदार एखादं वाक्य जास्त बोलून जातो आणि आपले कान उभे राहतात, तसं झालं. म्हणजे दोष तापण्यात नाही. झाकणात काहीतरी आहे. युसूफ हसला. हसू दे.

रविवार, २०
सापडलं!
आज पुन्हा शिंदे. बंद केली, लागेना. नळी, कॉइल, कशालाच हात लावू दिला नाही. नुसतं झाकण सैल केलं. सूऽऽ करून टाकीने हवा आत ओढली, मी कानाने ऐकली. एका हँडलला चालू.
झाकणाला बारीक भोक असतं, पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा त्यातून आत यायची. ते भोक बुजलंय. हवा नाही, म्हणून पेट्रोल उतरत नाही; चालताना हिसक्यांनी थोडं उतरतं, थांबली की तेही बंद. थांबून राहिलं की कुठून तरी झिरपून हवा भरते, आणि आम्ही समजतो इंजिन गार झालं!
झाकण उन्हात धरलं. वर लालभडक, दगडासारखा घट्ट शेंदूर. युसूफने जीभ चावली.
"काय रे?"
"खंडेनवमीला आईसाब पूछे, हिचं तोंड कुठंय. मीच बैठक उचलून दाखवलं, साब."
रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसलो. आठवडाभरात पहिल्यांदा हसलो बहुतेक.
घरी आईला विचारलं. म्हणाली, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू केलं, हिला मात्र जवसाच्या तेलात कालवून शेंदूर लावला. का? तर, "सूनबाईला आणायची आहे ना हिच्यातून." रागावणार कुणावर? भोक सुईने मोकळं केलं. पुढच्या वर्षी बॉनेटवर लाव, एवढंच म्हटलं. "तिथे का? तिथून जेवते का ती?" म्हणाली.

मंगळवार, २२
एकटाच सिन्नरला. घाट चढून वर थांबवली, बंद केली, लावली. पुन्हा बंद, पुन्हा लावली. गुराखी बघत होते, वकील येडा झाला वाटलं असेल.
सासऱ्यांच्या दारात अट पुरी केली. त्यांनी स्वतः बॉनेटला हात लावून तापल्याची खात्री करून घेतली. मग म्हणाले, "उद्या सकाळी न्या." आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.
सौ. ओट्याच्या खांबाला धरून उभी. पाय सुजलेत. "लागली एकदाची," म्हणाली.

बुधवार, २३
आणली. सुखरूप.
घाटात वळणावर सौ. म्हणाली, थांबवा. दुखतंय का विचारलं. नाही म्हणाली. थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. "बंद करा ना."
हात पुढे होईना. सगळं माहीत असून होईना.
केली बंद. ती उतरली, रस्त्याकडेच्या बाभळीपाशी उभी राहिली. जागा तीच, मागच्या खेपेची. मी विचारलं नव्हतं कधी, नेमकी कुठे. वाऱ्याशिवाय आवाज नाही. मग येऊन बसली, पदर सारखा केला, म्हणाली, "चला आता."
एका हँडलला लागली. डोळ्यांत पाणी आलं, धुळीवर ढकललं. ती म्हणाली, धूळ कुठे आहे?

शनिवार, २६. नरकचतुर्दशी
पहाटे अंगाला तेल लावायला बसलो तोच तिला कळा. दवाखाना चार गल्ल्या पलीकडे, चालतही जाता आलं असतं, पण मोटारीतून नेली. आई मागे बसून तिची पाठ चोळत होती.
आत जाताना सौ. म्हणाली, "बंद करून बसा हो, पेट्रोल फुकट जाईल."
बंद करून बसलोय, ही वही मांडीवर घेऊन. ऊन वर आलंय, पोरं फटाके उडवताहेत. मोटारीची काळजी होती तेव्हा बरं होतं. काहीतरी उघडून बघता येत होतं, काहीतरी बदलता येत होतं. आता फक्त दार बंद आहे, आणि मी बाहेर.
पण घाट मागे पडलाय. ती डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली आहे. एवढं तरी आमच्या हातून नीट झालं.
आई दारात आली. हात करून बोलावतेय. चेहरा नीट दिसत नाही इथून. उतरतो